टीप की धावदोरा?

मास्तरांचं शिंप्याचं दुकान फुटबॉलच्या मैदानाला इतकं चिकटून होतं, की गोल झाला की टेबलावरचे खडू घरंगळायचे. तशी वेळ फारशी येत नसे म्हणा. क्लब चौथ्या डिव्हिजनमधला, आणि गोल झालाच तर तो बहुधा पाहुण्यांचा.

गोलांचा दुष्काळ असला तरी मॅनेजरांचा सुकाळ होता. एक यायचा, हरायचा, त्याच्या हाती नारळ. लगेच दुसरा हजर. माणसं बदलायची, कोट मात्र तोच. छातीवर क्लबचं चिन्ह असलेला तो काळा लोकरी कोट मॅनेजरनं सामन्याला घालायचा आणि जाताना उतरवून ठेवायचा. नव्या माणसाच्या अंगाला तो बसवायचं काम मास्तरांचं.

मास्तर त्याला कधीही मशीनची पक्की टीप मारत नसत. बाह्या आत दुमडायच्या, बाजू दाबायच्या आणि हातानं लांब टाक्यांचा धावदोरा घालून मोकळं व्हायचं. उद्या उसवायचंच आहे, तर मशीन कशाला झिजवा? दुकानात बसून साऱ्या मॅनेजरांचं भवितव्य ठरवणाऱ्या मंडळींना हे पाठ झालं होतं. नवी नेमणूक झाली की पोस्टमन दारातूनच ओरडायचा, "मास्तर, टीप की धावदोरा?"

"धावदोरा!" मास्तर मान वर न करता सांगायचे, आणि मंडळी खूश व्हायची. हा अंदाज कधी चुकला नव्हता. क्लबचे चेअरमन दुकानाची पायरी चढत नसत, पण कुणाला हाकलायचं असलं की दुकानात काय बोलणं चाललंय याची पोस्टमनकडे हळूच चौकशी करत. मास्तरांना हे ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडायचंही.

मग क्लबनं मास्तरांच्या जावयालाच मॅनेजर केलं.

जावई क्लबच्या लहान मुलांना शिकवायचा. शांत, बारीक चणीचा. आधीचा मॅनेजर दरवाजाएवढा होता, त्यामुळे कोटाच्या बाह्या जावयाच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. दुकान गच्च भरलं होतं. पोस्टमननं मुद्दाम सावकाश विचारलं, "काय मास्तर, आता तरी टीप?"

"जावई घरी," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले. "क्लबात तो मॅनेजर. धावदोरा!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माणूस असावा तर असा, घरच्यालाही सोडत नाही! मास्तरांची छाती फुगली. तो दिवस त्यांना फार गोड गेला.

पुढं संघ हरत गेला. शनिवारच्या सामन्यात जावयानं खेळाडूंना पुढे सरकायला सांगण्यासाठी हात जोरात उंचावला, तसा बाहीचा धावदोरा सुटला. दुमडलेलं कापड घसरलं आणि हाताचा पंजाच गडप झाला. प्रेक्षक खो खो हसले. "मास्तरांना आधीच कळलं होतं!" कुणीतरी ओरडलं, आणि मग "हाकला! हाकला!" सुरू झालं. मास्तरांची मुलगी त्याच गर्दीत बसली होती.

सोमवारी ती कोट घेऊन दुकानात आली. नेहमीच्या मंडळींपैकी चावीवाला आणि पोस्टमन बाकावर होतेच. चेअरमन संध्याकाळी निर्णय घेणार होते, त्यामुळे पोस्टमनला दुकानातलं मत त्यांच्याकडे पोचवायची घाई होती.

तिनं कोट टेबलावर आपटला. "बाबा, मी याच टेबलाखाली खेळून मोठी झालेय. टाका बघून मला कळतं, तुम्ही माणसाला काय समजता ते."

"अगं, सगळ्यांनाच तोच घालतो मी."

"ते सगळे तुमचे जावई होते? बरं, जावई राहू द्या. खेळ कळतो ना तुम्हाला? मग खेळ बघून सांगा, हा वाईट मॅनेजर आहे?"

मास्तरांनी उत्तर शोधलं नाही, ते त्यांच्याजवळ होतंच. "नाही. आधीच्यांच्या वेळी आपली पोरं अर्ध्या खेळातच धापा टाकायची. आता शेवटपर्यंत पळतात. हरताहेत, पण खेळायला शिकलीत. असा माणूस इथं आलाच नव्हता."

"मग हे आजवर का नाही बोललात? टाळ्या गेल्या असत्या म्हणून?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी चष्मा पुसला, कोट उलटा केला आणि उरलेला धावदोरा ओढून काढला. बाह्या नीट मोजून दुमडल्या. मग मशीनचं चाक फिरलं. एका बाहीला टीप, दुसऱ्या बाहीला टीप, दोन्ही बाजूंना टीप. त्यांचे हात आता जराही थांबत नव्हते. शेवटी त्यांनी मोठी कात्री उचलली आणि आत दुमडलेलं सगळं जास्तीचं कापड कापायला घेतलं.

"अहो मास्तर!" पोस्टमन ताडकन उठला. "हे काय करताय? पुढच्या मॅनेजरला हा कोट बसेल कसा?"

"नाही बसणार," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलावरच्या काळ्या पट्ट्या गोळा करून त्याच्या हातात कोंबल्या. "ह्या चेअरमनना नेऊन दे."