क्लेमची दोरी

ऑक्टोबर लागला की आमच्या यारबी गावात शिड्या बाहेर पडायच्या. आम्ही पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातले, त्यामुळे तेव्हा उन्हाळा तोंडावर आलेला असायचा. एका शनिवारी सगळं गाव मिळून एकमेकांच्या छपरांवर चढायचं आणि पन्हळीतला वाळका पाला वणव्याच्या भीतीने उपसून काढायचं. खाली बायका खरपूस सॉसेज आणि कांदा पावात भरून द्यायच्या. आता पन्हळीला जाळ्या बसल्या, माणसं पैसे देऊन कुणाला तरी बोलावतात. मला ते आवडत नाही. शेजाऱ्याच्या छपरावर चढल्याशिवाय शेजारी कळत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

त्या शनिवारचा राजा म्हणजे क्लेम ट्रेगर. पेशाने सुतार आणि आमच्या अग्निशमन पथकाचा कॅप्टन. पथक म्हणजे पत्र्याची एक शेड, एक जुना बंब आणि आम्ही बिनपगारी माणसं. बंब मी चालवायचो. क्लेम उंच, किडकिडीत, कानाने मोठा. रागावला की आधी त्याचे कान लाल व्हायचे. खांद्यावर कायम एक दोरी, दोन्ही टोकं तांबड्या रंगात बुडवलेली. घराच्या भिंतीपासून दोरीभर अंतरात मोठं झाड असलं की ते पाडायचं, हा पथकाचा नियम. दोरीचं एक टोक घरमालकाने भिंतीला धरायचं, दुसरं घेऊन क्लेम झाडाकडे चालत जायचा. त्या चालण्याकडे बघताना लोकांचा जीव खालीवर व्हायचा.

पाडलेल्या झाडांवरच तो थांबायचा नाही. दारातलं पायपुसणं, ओट्यावरची वेताची खुर्ची, भिंतीला टेकवलेला झाडू, सगळ्यावर त्याचा डोळा.

"वर्न, तुझ्या पायपुसण्यावर एक ठिणगी पडली की घर गेलं तुझं," तो मला म्हणायचा.

"मग पाय कशाला पुसू, कॅप्टन?"

"पँटला पूस. बायकोला माझं नाव सांग."

त्याच्याशी उभा दावा मांडला होता डल्सी पेनहॉल यांनी. त्या आमच्या शाळेच्या बाई. निम्म्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला. क्लेम त्यांचा वर्गमित्र, त्यामुळे त्याला त्या जन्मभर अरे-तुरेच करत आल्या. बाईंच्या वडलांनी लावलेल्या निलगिरीच्या रांगेतली तीन झाडं दोरीच्या आत आली, तेव्हा सभागृहात जी खडाजंगी झाली ती मला अजून आठवते.

"झाड वारा अडवतं क्लेम, वणवा आणत नाही. ठिणग्या मैलभरावरून उडत येतात. तुझी दोरी तेवढी लांब आहे का?"

"सालीच्या चिंध्या लोंबतात त्याला. त्याच पेटून उडतात, डल्सी. छपरावर पडल्या की तू माझ्याच नावाने ओरडशील."

"मी तुझ्या नावाने आत्ताच ओरडतेय!"

झाडं पडली. बाईंनी करवत चालवणाऱ्यांना चहा दिला, क्लेमला दिला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्याशी चकार शब्द नाही.

पण क्लेम पक्षपाती नव्हता, हे बाईंनाही मान्य करावं लागे. वरच्या आळीतल्या एकाने टेकडीचा देखावा दिसावा म्हणून दोरीबाहेरचं झाडही 'धोकादायक' ठरवायला सांगितलं, तर क्लेमचे कान पेटलेच. "दोरी वणव्यासाठी आहे," तो म्हणाला, "तुझ्या खिडकीसाठी नाही." हे वाक्य पुढे गावात सगळ्यांच्या तोंडी झालं.

आणि मग त्याची बायको आयव्ही आजारी पडली. उठणं बसणं बंद झालं. आयव्ही मोठी बोलकी बाई. आतल्या अंधाऱ्या खोलीत ती गप्प झाली. क्लेमने घराच्या पूर्वेला स्वतःच्या हाताने फळ्यांची एक खोली वाढवली, तिला भलीमोठी खिडकी ठेवली आणि तिथे तिचा पलंग आणला. खिडकीसमोर जुनी निलगिरी. तिच्या ढोलीत गुलाबी काकाकुव्यांचं एक जोडपं दरवर्षी घर करायचं. नर कोवळी पानं तोडून ढोलीत नेई, मादी त्यातली निम्मी बाहेर फेकून देई. "अगदी आमच्यासारखं," आयव्ही सांगायची. ती परत बोलायला लागली होती.

घर पुढे सरकलं आणि झाड दोरीच्या आत आलं. हे गावात सगळ्यांना दिसत होतं. बोललं कुणीच नाही.

त्या ऑक्टोबरात शेवटचं घर क्लेमचं. आम्ही त्याच्या छपरावर होतो. तेवढ्यात डल्सीबाई फाटकातून आत आल्या. "कॅप्टनच्या घरची दोरी यंदा मी धरणार," म्हणाल्या. आमचे हात पन्हळीतच थांबले. क्लेमने दोरीचं टोक त्यांच्याकडे दिलं. बाई नव्या खोलीच्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून आयव्हीने हात हलवला. क्लेम झाडाकडे चालू लागला. इतकं सावकाश चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तो बुंध्याशी पोचला तरी दोरी जमिनीवर लोळत होती. मला वाटलं, आता बाई त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारणार. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग दोरी मनगटाला गुंडाळायला लागल्या, एक वेढा, अजून एक, अजून एक. दोरी ताणली गेली. क्लेमच्या हातातलं टोक बुंध्यापासून मागे ओढलं गेलं.

"पुरत नाही," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "झाड बाहेर आहे."

क्लेमचे कान लाल. तो मान खाली घालून दोरी गोळा करत जवळ आला, तेव्हा बाई हळू बोलल्या, पण मी बरोबर वरच होतो. "उत्तरेचा वणव्याचा वारा सुटला की मी येणार. हिची जबाबदारी माझी. तू बंबावर जा."

त्या उन्हाळ्यात तापलेला उत्तरेचा वारा सुटला की क्लेमच्या अंगणात बाईंची लांब पिवळी गाडी उभी दिसे, तोंड रस्त्याकडे, मागे गादी अंथरलेली. एकदा डोंगरामागे धूर उठला, तेव्हा खरंच आयव्हीला क्रिकेटच्या मैदानावर हलवलं. "अगं डल्सी, माझे पक्षी!" ती ओरडत होती. "त्यांना पंख आहेत, तुला मी आहे, गप्प बस," बाई म्हणाल्या. वाऱ्याने तोंड फिरवलं आणि गाव वाचलं.

उन्हाळा ओसरल्यावर आयव्ही गेली. पलंगावरच, खिडकीकडे बघत.

पुढच्या ऑक्टोबरच्या आधी मीच यांत्रिक करवत घेऊन क्लेमकडे गेलो. नियमाने ते झाड आता पडायलाच हवं होतं, आणि त्याला ते स्वतः पाडवणार नाही, एवढं मला कळत होतं. बघतो तर क्लेमच्या हातात पहार. तो आयव्हीच्या खोलीच्या फळ्या उचकटत होता. खिडकी आधीच काढून गवतावर ठेवलेली.

डल्सीबाईही आल्या. "अरे क्लेम, वेड लागलं का तुला? करतोयस काय?"

"घर मागे घेतोय," तो म्हणाला. त्याने दोरी बाईंच्या हातात दिली. "जुन्या भिंतीला धर. आणि डल्सी, यंदा मनगटाला गुंडाळायची नाही."

बाईंनी टोक भिंतीला घट्ट धरलं. क्लेम उघड्या पडलेल्या जमिनीवरून, पलंगाच्या जागेवरून, झाडाकडे चालत गेला. दोरी ताणली. तांबडं टोक बुंध्याच्या वीतभर अलीकडे थांबलं.

"बाहेर आहे," बाई म्हणाल्या. वर ढोलीतून पानं खाली पडत होती.

क्लेम त्यानंतर बरीच वर्षं जगला. जिथे आयव्हीचा पलंग होता तिथे त्याने एक खुर्ची ठेवली होती. संध्याकाळी तो तिच्यावर बसून झाडाकडे बघायचा. कधी कधी डल्सीबाई चहा घेऊन यायच्या, आता त्यालाही द्यायच्या. उत्तरेचा वारा सुटला की मात्र तो उठून खुर्ची उचलायचा आणि घरात नेऊन ठेवायचा. लाकडाची होती ना.