जाड स्प्रिंगा आणि खंडेनवमी

लढाई संपल्यावर लष्कराने जे जे मागे टाकलं, त्यातली एक मोटारसायकल आमच्या वाट्याला आली. हे कल्याणला डॉक्टर. निम्मे रोगी टिटवाळ्याच्या पलीकडच्या खेड्यांतले, म्हणजे जिथे रोग पोचायचे पण रस्ता पोचायचा नाही. गाडी इंग्लिश, लष्करी हिरवी, दांडगी. हे किडकिडीत. रस्त्याने जाताना गाडीच ह्यांना कुठेतरी पकडून नेते आहे असं वाटे.

एका पावसाळ्यात तिचा पुढचा चिमटा बसला. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना चिमट्याचे दोन पाय असतात. प्रत्येक पायात एक नळी, नळीभोवती हातभर लांब स्प्रिंग, वरून पत्र्याचं आवरण. धक्का बसला की स्प्रिंगने दबायचं आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. आमच्या स्प्रिंगा दबून दबून आखडल्या होत्या, परत येणं त्यांनी सोडलं होतं. खड्डा आला की लोखंडावर लोखंड आपटे आणि हँडल हिसका देई. श्रावणात एकदा ते हातातून सुटलंच. हे शेताच्या बांधावर पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेऊन आले. हात झोळीत अडकवून दीड महिना दवाखान्यात बसले. डॉक्टरचाच हात झोळीत बघून रोग्यांना फार समाधान वाटे.

हाड जुळलं. चिमटा तसाच होता. आणखी एखादं वर्ष आम्ही तो तसाच चालवलाही असता, पण वन्सं गरोदर होती.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. तिला टिटवाळ्यापुढे काळू नदीच्या अंगाला एका खेड्यात दिली होती. पहिल्या खेपेला माहेरी आणायच्या आधीच, आठव्या महिन्यात, तिचं पोट दुखायला लागलं. मूल आडवं होतं. दाईने जमेल ते केलं. हे आगगाडीने, मग चालत, असे पोचले तेव्हा मूल गेलेलं होतं आणि वन्सं कशीबशी जीव धरून होती. आता दुसरी खेप. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, असा रिवाज. सासूबाईंनी निरोपावर निरोप धाडले, पण सासरच्यांचं म्हणणं, हे दुसरं आहे. जगलं नाही तरी मोजणीत ते मूल धरलं गेलं होतं.

ह्यांनी बहिणीला शब्द दिला होता की, ह्या वेळी मी वेळेवर येईन. त्या वाटेवर टांगेवाला चाक घालत नसे, टिटवाळ्याला गाड्या मोजक्याच, आणि स्टेशनापुढे बैलगाडीच्या चाकोऱ्या. म्हणजे मोटारसायकल, आणि तिला स्प्रिंगा.

विठ्ठलवाडीला निर्वासितांच्या छावणीच्या कडेला लष्करी भंगाराची दुकानं लागली होती. सिंधमधून आलेल्या एका गृहस्थाचं त्यांतलं एक. आधी कापडाचा व्यापार होता, आता जे मिळेल ते विकत होते. त्यांच्या ढिगात आमच्या गाडीच्या दोन तऱ्हेच्या स्प्रिंगा निघाल्या. एक जोडी जाड तारेची, एक बारीक तारेची.

"जाडवाली साइडकारच्या गाडीची," दुकानदार म्हणाले. "बारीकवाली साध्या गाडीची. माल दोन्ही असली."

"टिकाऊ कुठली?" मी विचारलं.

"बहनजी, जाड ती टिकाऊच ना."

हेच आम्हाला ऐकायचं होतं. आमच्या वर्गाची खरेदीची विद्या एका वाक्यात मावते: एकदाच घ्यायचं आणि भक्कम घ्यायचं. मुलाचा सदरा दोन वर्षं मोठा, कढई उचलवणार नाही इतकी जड, दार ढकलायला दोघं लागतील असं. स्प्रिंग जाड घेतली हे सांगायला तरी बरं वाटतं. आम्ही जाड घेतल्या. आमच्या मेकॅनिकनेही त्या हातात तोलून "वा" म्हटलं. तो कल्याण स्टेशनाजवळ शेड टाकून होता आणि वजनदार वस्तूबद्दल त्याला स्वभावतःच आदर होता.

बसवल्यावर गाडी घेऊन हे फक्त शहाडपर्यंत गेले. परत आले ते गाडी हाताने ढकलत, धोतर फाटलेलं, बॅगेतल्या बाटल्यांचा काला.

"दबतच नाही," ओट्यावर बसत ते म्हणाले. "दगड आला की चाक उडतं. उडालं की हँडल कुठेही वळवा, गाडी ऐकत नाही."

साइडकारचं ओझं धरून केलेली स्प्रिंग ह्यांच्या वजनाला दाद कशाला देईल? आखडलेल्या स्प्रिंगांवर गाडी आपटत होती, आता उडायला लागली. पडायच्या दोन तऱ्हा झाल्या, एवढीच प्रगती.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. दुकानदार माल परत घ्यायला नाखूश. मी म्हटलं, "निदान दाखवा तरी." एक कांब जमिनीत रोवून त्यांनी तिच्यावर आधी जाड स्प्रिंग घातली, वर लोखंडी चकती ठेवली. हे दोन्ही हातांनी तिच्यावर रेलले, मग पाय उचलून जवळजवळ लोंबकळले. स्प्रिंग बोटभर दबली असेल नसेल. बारीक घातली, ती चार बोटं खाली गेली आणि हात काढल्यावर मुकाट्याने वर आली. तोवर भोवती माणसं जमली होती.

"डॉक्टर है," दुकानदार त्यांना समजावून सांगत होते, जणू त्याने सगळ्याचा खुलासा होत होता.

बारीक स्प्रिंगांतही दोन सारख्या निवडायला वेळ गेला. एक लांब आणि एक आखूड बसली तर एक पाय आधी दबणार. उंबऱ्यावर ओळीने ठेवून त्यातल्या त्यात जुळ्या निघाल्या त्या घेतल्या. नवरात्राचा सातवा दिवस होता.

मेकॅनिकने अष्टमीला चाक काढलं, दोन्ही पाय उतरवले, डाव्यात नवी स्प्रिंग घालून तो पुन्हा चढवला. हे काम हाताने होत नाही. स्प्रिंग नळीला खाली लोटत असते आणि नळी तर हँडलखालच्या वरच्या पट्टीत जाऊन बसायला हवी. त्यासाठी त्याने एक दांडा करून घेतला होता, आटे पाडलेला, वर आडवी मूठ. वरून घालून नळीत पिळायचा आणि फिरवत फिरवत नळी स्प्रिंगसकट वर ओढायची. डावा पाय बसला आणि संध्याकाळ झाली.

"उजवा दसऱ्यानंतर," तो म्हणाला. "उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला लागणार."

वन्संला अजून पंधरा दिवस होते. आम्ही बरं म्हटलं.

नवमीच्या सकाळी पहिल्या गाडीने वन्संचा दीर आला. दारातूनच म्हणाला, "रात्रीपासून दुखतंय. दाई म्हणते, डोकं लागत नाही हाताला."

ह्यांनी बॅग उचलली. सासूबाई देवापुढून उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी पण येते शेडवर." त्या स्टेशनाच्या बाजूला कधी पाऊल टाकत नसत.

शेडचं रूप पालटलं होतं. दाराला तोरण, आत सतरंजी, हारांनी वाकलेली एक खुर्ची. फळ्यांच्या उतरंडीवर लाल कापड आणि त्यावर पाने, हातोड्या, कानशी, सगळं घासूनपुसून मांडलेलं. मधोमध तो दांडा, झेंडूत बुडालेला. आणि उतरंडीच्या पुढे, एका पायावर आणि दोन लाकडी ठोकळ्यांवर, आमची मोटारसायकल. हँडलला हार. उघड्या उजव्या बाजूवर त्याने फुलांची चादर सोडली होती.

"गाडी पुढे ठेवली की शोभा येते," मेकॅनिक ओशाळून म्हणाला. मग आमचे चेहरे पाहून त्याने विचारलं, "काय झालं?"

ह्यांनी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो माणूस वाईट नव्हता. पण नौपाड्याहून एक मोठे गृहस्थ पूजेला यायचे होते. नगरपालिकेत त्यांचा शब्द चाले, तिथल्या लॉऱ्यांचं दुरुस्तीचं काम ह्याला मिळवून देतो म्हणाले होते. ते आठला येणार होते. आता नऊ वाजून गेले होते.

"दांड्याशिवाय बघू," हे म्हणाले. दोघांनी मिळून उजवी नळी खांद्याने वर लोटली. ती अर्धी गेली, आणि स्प्रिंगने तिला परत खाली ढकललं. पुन्हा लोटली, पुन्हा तेच. ह्यांचं नुकतं जुळलेलं हाड, त्यांनी ओठ दाबलेले मला दिसत होते. वन्संचा दीर दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता, जणू तिकडून काही येणार होतं.

"दांडा दे," हे म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, पूजेतलं हत्यार आहे ते. आज उचललं तर वर्षभर हाताला यश नाही. माझा बाप असा गेला." बाप नक्की कसा गेला ते विचारायची ती वेळ नव्हती.

"पूजा झाली का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, साहेब यायचेत."

"हळदकुंकू वाहिलं?"

"साहेबांच्या हातून वाहायचं."

"अक्षता? नैवेद्य?"

"काहीच नाही आई. सगळं त्यांच्यासाठी थांबलंय."

"मग अजून ते लोखंडच आहे," सासूबाई म्हणाल्या. "फुलं घातली म्हणून देवपण येत नाही. उचल."

सोवळंओवळं पाळण्यात आमच्या आळीत त्यांचा हात कुणी धरत नसे. चातुर्मासात त्या कांद्याच्या वासालाही घरात घेत नसत. मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिलं, मग हारांच्या खुर्चीकडे. सासूबाईंनी आणखी काही समजावलं नाही. त्या उतरंडीजवळ गेल्या, झेंडू बाजूला केला आणि दांडा स्वतःच्या हाताने उचलून त्याच्यापुढे धरला.

त्याने घेतला.

नळी वर जायला लागली. मूठ थोडी फिरायची, स्प्रिंग कुरकुरायची, नळी नखभर सरकायची. ठोकळ्यांवरची गाडी डुगडुगत होती. हे आणि दीर दोन बाजूंनी तिला धरून होते. हँडल मात्र सारखं वळत होतं आणि ते वळलं की नळी तिरकी होऊन अडकत होती. मी धरलं, पण माझ्याने ते सरळ राहीना.

एवढ्यात बाहेर मोटार थांबली. पांढरंशुभ्र धोतर, रेशमी कोट, मागे एक माणूस नारळांची परडी घेऊन. मेकॅनिकचा हात थांबला. नळी अर्ध्यात होती, आता सोडली तर पुन्हा खाली.

"फिरव तू," सासूबाई म्हणाल्या.

पाहुणे दारातच उभे. आपल्या स्वागताला लावलेली मोटारसायकल चार माणसं मिळून छळत आहेत, एवढंच त्यांना दिसत असणार. "हा काय प्रकार आहे?" त्यांनी सौम्यपणे विचारलं. सौम्यपणा मोठ्या माणसांना परवडतो.

"माझी मुलगी अडलीय," सासूबाई म्हणाल्या. "मूल आडवं आहे. ह्या गाडीवरून हा जाणार. तुम्ही असे या, हे हँडल सरळ धरा. सुनेच्या हातात बळ नाही."

त्यांनी बाहेर वळून पाहिलं. मग म्हणाले, "माझी मोटार..."

"त्या वाटेला चालणार नाही," दीर म्हणाला.

त्यांनी कोट काढला, परडीवाल्याकडे दिला आणि येऊन हँडल धरलं. भाषणात हात हलवणाऱ्या माणसाच्या मानाने त्यांची पकड चांगलीच घट्ट होती. मेकॅनिक घामाने निथळत मूठ फिरवत राहिला. शेवटी वरच्या पट्टीत नळीचं तोंड आलं. त्याने मोठं नट चढवलं, आवळलं, खालचा बोल्ट आवळला. तेल घालताना ते पाहुण्यांच्या धोतरावर ओघळलं. कुणी क्षमा मागितली नाही, त्यांनीही मागायला लावली नाही. चाक चढलं. ह्यांनी हँडलवर भार देऊन चिमटा दोनदा दाबून पाहिला. दोन्ही पाय एकत्र खाली गेले, एकत्र वर आले.

हार तसाच गळ्यात घेऊन गाडी निघाली, मागे दीर, बॅग त्याच्या मांडीवर. साडेदहा झाले होते.

पूजा मग झाली. उतरंडीच्या पुढे ठोकळे तेवढे उरले होते, पाहुण्यांनी त्यांनाच कुंकू लावलं. भाषण त्यांनी केलं नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवं.

घरी सासूबाईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. उपास आहे असंही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी देवापुढे बसल्या, तर ओठ हलत नव्हते. मी एकदाच म्हटलं, "येतील हो ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाती वळायला घेतल्या. गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळल्या. रात्र अशीच गेली.

दसऱ्याला दुपारी गाडीचा आवाज आला. हे एकटेच होते, दिव्यापर्यंत चिखल, हाराचा नुसता दोरा राहिलेला. उतरतानाच म्हणाले, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"आडवं होतं?"

"होतं. फिरवलं. पण आणखी थोडा उशीर..." ते थांबले. सासूबाई ओट्यावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर टाकून. मग म्हणाल्या, "तिने काही खाल्लं का?"

"पेज घेतली."

"घरात तूप किती आहे?" हा प्रश्न मला.

मी सांगितलं. त्या उठल्या, खारीक फोडायला बसल्या. डिंक तळला गेला, लाडू वळले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा फडक्यात बांधून त्या ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

"आई, अकराच्या गाडीने जाऊ आपण," हे म्हणाले. "स्टेशनावरून बैलगाडी बघतो."

"अकराला कशाला?" त्या म्हणाल्या, आणि नऊवारीचा ओचा सावरत मागच्या सीटवर एका अंगाने बसल्या. डबा पोटाशी, दुसऱ्या हातात ह्यांची कॉलर. आळीतल्या चार खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावरच्या गटारावरून गाडी गेली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लाडू मऊ आहेत, बेताने."