व्याह्यांनी घातलेली माळ

माझे सासरे नोकरीत होते तोवर बरे होते. जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी. जीपनं गावोगाव हिंडायचं, कुणाच्या तरी ओसरीवर बसून शेतकऱ्यांना भाषण द्यायचं आणि चहा पिऊन लातूरला परत यायचं. निवृत्त झाले आणि भाषण तेवढं उरलं, ऐकणारे गेले. अशा माणसाला कुणीतरी एका हॉटेलातल्या सभेला नेलं. परत आले ते हातात तांब्याचं कडं, गळ्यात चुंबकाच्या काळ्या मण्यांची माळ आणि पिशवीत तसलाच आणखी माल घेऊन. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला आजारी पडायची सोय राहिली नाही.

गुडघा दुखला, चुंबकाचा पट्टा. झोप येत नाही, उशीखाली चुंबकाची चकती. माझ्या मुलीला गणितात कमी मार्क पडले तर म्हणे रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही, तिलाही एक कडं. पोरगी हुशार, तिनं ते दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला देऊन टाकलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चुंबकाचा धडा माझाच. कागदावर लोखंडाचा कीस टाकून खालून चुंबक फिरवलं की पोरं "अगं माय" म्हणून बाकावर उभी राहतात. आणि घरी आलं की मामा, म्हणजे माझे सासरे, झोपाळ्यावर बसून गल्लीतल्या म्हाताऱ्यांना शिकवत असायचे. "रक्तात लोह असतं का न्हाई? असतं. चुंबक लोहाला ओढतं का न्हाई? ओढतं. झालं की मग!" हे "झालं की मग" म्हणताना त्यांच्या तोंडावर जे तेज यायचं ना, ते पाहून मला हातातलं लाटणं फेकून मारावंसं वाटायचं. एकदा सरळ सांगितलं, "मामा, रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत. ते असं ओढलं जात असतं तर सगळं रक्त तुमच्या मनगटाशीच गोळा झालं असतं."

"पुस्तकातलं येगळं, सूनबाई, अनुभवातलं येगळं," मामा म्हणाले, आणि समोरचे म्हातारे माना डोलवायला लागले.

अनुभव बघायचा तर आमच्या सासूबाईंचं मनगट बघा. कड्याखाली हिरवंगार. तांब्याला घाम लागला की हिरवं येतं, हे घागर घासणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण मामांनी ते मनगट धरून आल्यागेल्याला दाखवलं, "बगा, कसं विष बाहेर पडून राहिलंय!" सासूबाई बिचाऱ्या रोज न्हाणीत चिंचेनं मनगट घासायच्या, देवाचा तांब्या घासावा तसं. गुडघे होते तसेच दुखत होते. विष पडायचं ते पडत होतं.

हेही मी सोसलं असतं. हिरव्या मनगटानं काही कुणी मरत नाही. पण ही थेरं माझ्या वडिलांच्या गळ्यात जाऊन पडली.

अण्णा, माझे वडील, मुदखेडला राहतात. तिथल्या रेल्वे जंक्शनवर त्यांची सगळी नोकरी झाली. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची तर सांध्याचा लोखंडी दांडा ओढावा लागतो, तो ओढायचं काम. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांचं हृदय मंद पडलं, बसल्याजागी डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. मी तिथंच होते. डॉक्टर अण्णांना म्हणाले, "काका, मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. चुंबक तर जवळही आणायचं नाही. चुंबक जवळ आलं की हे यंत्र तुमच्या हृदयाचं ऐकणं सोडतं आणि आपल्याच ठेक्यात चालायला लागतं." अण्णांनी लहान पोरासारखी मान हलवली.

महिन्याभरात मामा-सासूबाई त्यांना बघायला मुदखेडला गेले. मीही बरोबर होते. आमच्याकडं मुलीचे सासू-सासरे घरात आले की मुलीचा बाप उभ्या उभ्या लहान होतो. मामा बाजेवर, अण्णा खाली चटईवर. ऑपरेशन कुणाचं झालंय तेच कळू नये! मी चहा घेऊन बाहेर आले तर मामांनी अण्णांना शाल पांघरवलेली, टोपी घातलेली, हातात नारळ दिलेला, आणि वर गळ्यात काळ्या मण्यांची ती माळ. बरोब्बर यंत्रावर.

"अहो मामा, काढा ती! डॉक्टरांनी चुंबक नको म्हणून सांगितलंय!"

मामा हसले. "डॉक्टरला दुकान चालवायचंय, सूनबाई. हे साधं चुंबक न्हाई, हे जैविक चुंबक हाय."

जैविक चुंबक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आठवीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण अण्णा हलकेच म्हणाले, "राहू दे माय. मी ठेवतो काढून मागनं." आणि मामा गाडीत बसल्याबरोबर त्यांनी ती माझ्यासमोर काढून कपाटात ठेवलीसुद्धा. मला वाटलं, मिटला विषय.

पुढं मामांच्या नांदेडला खेपा वाढल्या. त्यांच्या त्या चुंबकवाल्या कंपनीची शिबिरं तिकडं भरत होती. मुक्काम मुदखेडला, व्याह्यांकडं. फुकट जेवण, वर मान. आणि आईचे मला फोन यायला लागले. "तुझे सासरे आले की ह्यांला घेरी येऊन राहिली बग. छातीत धडधड होते, घाम सुटतो. ते गेले की माणूस पुन्हा चांगला. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या."

"आई, दृष्ट-बिष्ट काही नसतं," मी म्हणाले. डॉक्टरांकडं नेलं. यंत्र तपासलं, ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, चुंबक-बिंबक काही वापरता का? अण्णा म्हणाले, "न्हाई बा." मी कपाळाला हात लावून बसले. पाहुणा आला की बिघडणारं आणि गेला की सुधारणारं हृदय मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

मग एका दुपारी मामांनी घरच्या ग्रूपवर मुदखेडचा फोटो टाकला. व्याही-व्याही शेजारी बसलेले, आणि अण्णांच्या सदऱ्यावर ती माळ. खाली लिहिलेलं, "पेसमेकरवर चुंबकाची मात! येत्या रविवारी नांदेडच्या शिबिरात प्रत्यक्ष भेटा."

म्हणजे व्याही येणार असले की अण्णा कपाटातून माळ काढून गळ्यात घालत होते, आणि ते गेले की परत ठेवत होते. मामा लातूरला परत आल्याबरोबर मी त्यांच्यापुढं फोन धरला. "मामा, ह्या माळेनं अण्णांना घेरी येते. त्यांच्या जिवाशी खेळ आहे हा."

मामांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "मग त्यांनी दक्षिण ध्रुव आत घातला असंल. उत्तर ध्रुव आत पाहिजे. सांगतो त्यांला उलटी घालायला."

असल्या माणसाशी काय बोलायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मी बोलतो बाबांशी. आणि नेहमीसारखा बोललाच नाही. अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, "मी कुठं घालतो गं? ते आपलं फोटोपुरतं." आयुष्यात अण्णा माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि ते त्यांना धड बोलताही येत नव्हतं. रविवारी सकाळी मी नांदेडची एसटी धरली.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. दारावर आदल्या लग्नाची थर्माकोलची नावं अजून तशीच. आत खुर्च्या भरलेल्या. शिकलेली माणसं हो सगळी! निवृत्त मास्तर, बँकेतले, इंजिनिअर पोरांचे आईबाप. स्टेजवर मामा माइक घेऊन, आणि त्यांच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत माझे अण्णा, इस्त्रीचा पांढरा सदरा, त्यावर माळ. तोंड पांढरंफटक पडलेलं. कपाळावरचा घाम मला दारातून दिसत होता.

आधी हात दाबायचा खेळ चालला होता. माणसाला हात आडवा धरायला लावायचा आणि वरून दाबायचा. हात खाली जातो. मग गळ्यात माळ घालायची, पुन्हा दाबायचा. आता जात नाही. टाळ्या! त्यात गोम एवढीच की पहिल्यांदा मनगटाशी दाबतात आणि दुसऱ्यांदा कोपराशी. तरफ म्हणतात त्याला, शाळेतच शिकवतो आम्ही. पण समोर बसलेल्यांची शाळा सुटून जमाना झाला होता.

"आता आमच्या व्याह्यांनाच विचारा!" मामांनी माइक अण्णांच्या तोंडापुढं धरला.

"बरं हाय," अण्णा म्हणाले आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

मला पुढचं काही सुचलं नाही. पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि अण्णांच्या गळ्यातली माळ काढून पर्समध्ये टाकली. पर्स खांद्यावरून मागं सारली, अण्णांपासून लांब. मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. छे! मामा माइकवर म्हणाले, "ह्या आमच्या सूनबाई, विज्ञानाच्या शिक्षिका! लोकांना परीक्षा पाहिजे असते, त्यांनीच घेतली बगा. माळ निघाली. आता बगा माणसात किती जोर उरतो!" आणि अण्णांना उभं करून, त्यांचा उजवा हात आडवा धरायला लावून, मामांनी मनगटावर दाबला.

अण्णांचा हात खाली गेला. नुसता गेला नाही, लुळा पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उठून टेबलाकडं धावली, कडी आणि माळा घ्यायला. मी अण्णांना धरून बाहेर आणलं, ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडावर रंग आला. धडधड थांबली म्हणाले.

मग मला एकदम लक्षात आलं. रुळांचे सांधे ओढून ओढून कमावलेला तो हात. लहानपणी आम्ही दोघी बहिणी त्या हाताला एकदम लोंबकळायचो, आणि तो जराही वाकत नसे. आणि मामांनी, ज्यांनी जन्मभर चहाच्या कपापेक्षा जड काही उचललं नाही, तो दोन बोटांनी खाली केला?

"अण्णा, हात तुम्ही मुद्दाम सोडलात."

ते चपलेकडं बघत राहिले. "हाव."

"आणि माळ? डॉक्टर काय म्हणाले होते, विसरलात?"

"विसरतोय कशाला? समदं ध्यानात हाय." मग म्हणाले, "चार लोकांत पाव्हण्याची मान खाली गेली असती. तू त्यांच्या घरात नांदतीस माय."

मला रडू नाही आलं, संताप आला. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेत माझे. पोरगी कॉलेजात जाईल आता. माझ्या पगारावर त्या घराचा वरचा मजला चढलाय. आणि माझा बाप अजून माझ्या नांदण्यासाठी स्वतःचं हृदय गहाण टाकत होता, तेही कुणापुढं? तर उत्तर ध्रुव आत का दक्षिण ध्रुव आत, एवढंच ज्याला येतं, अशा माणसापुढं!

"मी त्यांच्या घरात नांदत नाही अण्णा, ते माझ्या घरात नांदतात," मी ओरडलेच. "आणि तुमचं काही बरंवाईट झालं ना, तर मी त्या घरात एक दिवस राहणार नाही. सांगून ठेवते. मग बसा माझं नांदणं सांभाळत."

अण्णा ओट्यावरून उठले. मला वाटलं, रिक्षाकडं निघाले. पण ते कार्यालयात शिरले, खुर्च्यांमधून सरळ टेबलापाशी गेले. मामा तिथं कुणाच्या तरी मनगटात कडं चढवत होते.

"पाव्हणे," अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण जंक्शनवर गाडीच्या खडखडाटात ऐकू जाईल असा होता. "मघाशी मी हात ढिला सोडला होता. आता पुन्हा दाबा."

आणि त्यांनी उजवा हात आडवा धरला. गळ्यात काही नाही, मनगटात काही नाही.

मामा हसले. "बसा व्याहीबुवा, दमलात तुमी."

"दाबा की."

मामांनी दाबला. मग दुसरा हातही लावला. चष्मा नाकावरून घसरला, मानेच्या शिरा ताणल्या. अण्णांचा हात जिथं होता तिथंच राहिला. शेवटी मामांनी हात काढून घेतला आणि चष्मा पुसायला लागले.

टेबलापुढच्या लोकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मग पुढचा माणूस म्हणाला, "सर, माझ्या बायकोचं कडं राहिलं." मी लोकांपुढं तिथंच हात टेकले.

स्टेशनला जाताना रिक्षात अण्णा म्हणाले, "घरी गेल्यावर तुला काई बोलले तर मला फोन कर."

"काय करणार तुम्ही?"

"येईन की," अण्णा म्हणाले. "हात हाय अजून."