समोरच्या दारातलं घमेलं

बोईसरच्या कॉलनीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि समोरच्या दारात माझ्याच वयाची एक बाई राहायची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई. दोघींचे नवरे एकाच केमिकल कारखान्यात, पगार सारखाच. तरी तिच्या घरात सगळं आपोआप व्हायचं आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला खटपट. तिचं दही घट्ट लागायचं. तिची मुलगी न सांगता अभ्यासाला बसायची. दार उघडलं की हे सगळं मला समोरच दिसायचं.

माझं माहेर सातपाटीचं. उंदीर फार झाले म्हणून एकदा तिथून येताना मी मांजरीची दोन पिल्लं टोपलीत घालून आणली. एक पांढरी-तांबूस मादी, टपोऱ्या डोळ्यांची. दुसरा राखाडी बोका, किडकिडीत, एक कान फाटलेला. वहिनीनं एक मागितलं होतं. मांजरी मी ठेवली, बोका तिला दिला. चांगलं ते या खेपेला माझ्या वाट्याला आलं, याचं मला मनातून फार बरं वाटलं.

कॉलनीत एका इमारतीचं काम चाललं होतं. तिथली रेती दोघींनी आणली. तिनं लोखंडी घमेल्यात भरून बाथरूममध्ये ठेवली, मी प्लॅस्टिकच्या टबात भरून बाथरूममध्ये ठेवली. तिचा बोका त्याच दिवशी घमेल्यात गेला, उकरलं, बसला, वर रेती ओढून बाहेर आला. वहिनी मला हे कौतुकानं सांगत होती तेव्हा माझी मांजरी आमच्या गादीवर ओलं करत होती.

मग ती कुठे गेली नाही? चपलांत गेली, धुण्याच्या बादलीत गेली, नवऱ्याच्या ड्युटीच्या शर्टावर गेली. मी तिला उचलून टबात ठेवायचे, तिचे पंजे धरून रेती उकरून दाखवायचे. ती अंग चोरून उडी मारायची. मी टब रोज रिकामा करायचे, फिनेलनं खसखसून घासायचे, रेती बदलायचे. नवऱ्याला काही सांगावं तर कारखान्यातल्या वासांनी त्याचं नाक कधीच गेलेलं. "मला तर काही वास येत नाही," म्हणून तो पेपर वाचत बसायचा.

आई सुकी मासळी घेऊन आली तेव्हा तिला विचारलं. ती हसायलाच लागली. "आमी कवा शिकवलंय मांजराला? दारात वाळू हाय, जाते नि येते. तुमी माडीवर राहता, तुमचं तुमी बघा."

एका सकाळी मांजरी घरात दिसेना. समोरचं दार उघडं होतं. आत पाहिलं तर ती वहिनीच्या घमेल्यात बसलेली, शांत, डोळे अर्धे मिटून. बोका शेजारी बसून वाट बघत होता.

"राहू द्या हो ताई," वहिनी म्हणाली. "रोजच येते ती. एका घमेल्यात दोघांचं होतंय की."

रोजच येते! मी मांजरीला काखोटीला मारून घरी आणलं आणि दार लावून घेतलं. दुपारी मला जेवण गेलं नाही. दही, अभ्यास, आणि आता माझं मांजरसुद्धा.

तुमच्या घमेल्यात असं काय आहे, एवढं वहिनीला विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण तोंड उघडेना. मी बाजारातून तसंच लोखंडी घमेलं आणलं, रोज फिनेलनं घासून तशीच रेती भरली. मांजरीनं दाराबाहेरच्या पायपुसण्यावर केलं.

पुढे पावसात वाण्याकडे फिनेल आलंच नाही. मी घमेलं नुसत्या पाण्यानं विसळून ठेवलं. त्या दिवशी मांजरी आत गेली, बराच वेळ हुंगलं आणि उकरायला लागली. मी दारातून बघत होते. तेव्हा लक्षात आलं. मला जो स्वच्छतेचा वास वाटत होता, त्याच वासापासून ती पळत होती. नंतर मी फिनेल त्या घमेल्याला कधी लावलं नाही आणि मांजरी दुसरीकडे कुठे गेली नाही. हे मी समोर सांगितलं नाही. फक्त तिला समोरून दिसावं म्हणून दार दिवसभर उघडं ठेवायला लागले.

दिवाळीच्या सुमाराला वहिनी जिन्यातच मला भेटली. खालच्या मजल्यावरच्या दोन बायका सोबत होत्या. "अहो ताई, माझा बोका बिघडला! उभ्याउभ्या पडद्यावर पिचकारी मारतोय. सगळं घर घाण. मला काही सुचत नाही, तुम्हीच सांगा."

कान टवकारून मी ऐकत होते. या वाक्याची मी किती दिवस वाट पाहिली होती! पण ती हसत होती. सगळ्यांसमोर घर घाण म्हणताना तिला काहीच वाटत नव्हतं.

"वयात आला तो," मी म्हणाले. "सातपाटीला दारोदार हेच चालतं. गुरांच्या डॉक्टरला दाखवू."

दोघी एसटीनं पालघरला गेलो. बोका पिशवीत ओरडत होता. कंडक्टरनं विचारलं, बाजूच्या कोळणींनी विचारलं, तिनं सगळ्यांना सांगितलं, कुठे चाललोय आणि कशासाठी. कोळणी पोट धरून हसल्या, तीही हसली. उतरेपर्यंत अर्धी गाडी तिच्या ओळखीची झाली होती. डॉक्टरनं नसबंदीचं काम केलं आणि महिन्याभरात पडदे वाचले. त्या दिवशी गाडीनं परत येताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून बरं."

तिचं दही मला एकवेळ जमलं असतं. असं चारचौघींत हसत विचारणं जमलं नसतं, आणि त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.