फरारीचा पुकारा

माझ्या हाताखालचे वकील मला पाठीमागे ‘उंटावरचा’ म्हणत. उंटावरून शेळ्या हाकणारा. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर फारसं चूकही नव्हतं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. खालच्या फौजदारी कोर्टातले सरकारी वकील तेव्हा पोलीस खात्यातच मोडत, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा वकिलांवर देखरेख करायला मला बसवलं होतं. मारामाऱ्या, चोऱ्या त्यांच्या ते पाहून घेत. पैशाचे गुन्हे मात्र माझ्या नजरेखालून जायचे. सोसायटीतली अफरातफर, काळ्या बाजारात गेलेलं खत, साखर, भेसळीचं तेल. मारामारीच्या खटल्यात कोणी तरी आरडाओरडा करत असतं, तो आपसूक पुढे सरकतो. पैशाच्या खटल्यात कोणालाच घाई नसते. आरोपीला नसते, साक्षीदाराला नसते, आणि वकीलही ढिला निघाला तर मग देवच वाली. त्या ढिल्या वकिलाच्या मानगुटीवर बसणं हे माझं काम. मी चिडका होतो, तोंडाचा फाटका होतो, म्हणूनच बहुधा ते मला दिलं असावं.

मेहकरच्या कोर्टात आमचा एक तरुण वकील होता. मूळचा उंद्रीचा, शेतकऱ्याघरचा, हुशार. त्याच्याकडे डोणगावजवळच्या एका खेड्यातल्या सोसायटीचं प्रकरण होतं. सरकारी खताची पोती सभासदांना न देता बाहेरच्या बाहेर विकली गेली होती, आणि सोसायटीचा व्यवस्थापक गायब होता. सह्या सगळ्या त्याच्याच. एकट्यानं एवढं पचवलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, पण ज्याची सही त्याची मान. त्याला शेवटचं कोणी पाहिलं ते पैनगंगेकडे जाताना, अनवाणी. पोलिसांनी नदीचे डोह धुंडाळले, काही हाती लागलं नाही. मग तो फरारी ठरला.

फरारी आरोपीच्या खटल्यात एक विचित्र सोय असते. तो नसतानाच साक्षीदार तपासून ठेवायचे. उद्या तो सापडला आणि तोवर साक्षीदार मेला, तरी साक्ष शिल्लक राहते. त्यामुळे आरोपीचा पिंजरा रिकामा असतो आणि त्याच्यापुढे सगळं रीतसर चालतं. दर तारखेला शिपाई व्हरांड्यात येतो, आरोपीचं नाव घेऊन तीनदा पुकारा करतो, ‘हाजिर हो’ म्हणून. येणार नाही हे शिपायाला माहीत, मॅजिस्ट्रेटला माहीत, बाहेरच्या चहावाल्यालाही माहीत. तरी हाक मारावी लागते.

तर हे प्रकरण पुढेच सरकेना. दर महिन्याला तारीख पडायची, पुकारा व्हायचा, आणि आमचाच वकील उठून पुढची तारीख मागून घ्यायचा. आरोपीनं तारखा मागाव्या, हे मी समजू शकतो. सरकारनं? माझं डोकंच फिरलं. त्याला बुलढाण्याला बोलावून घेतलं.

“साक्षीदार आले नव्हते काय बे?”

“आले होते साहेब.”

“मॅजिस्ट्रेट रजेवर होते?”

“नाही साहेब.”

“मग दर महिन्याले तुलेच जुलाब लागतात काय?”

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो खाली मान घालून हसायचा. त्या दिवशी हसला नाही. म्हणाला, “साहेब, तो पिंजरा रिकामा नसते.”

 तो हळूहळू सांगत होता. पुकारा झाला की कोर्टात गारवा येतो. साक्षीदाराला प्रश्न विचारला की बाजूला कोणी तरी कान देऊन ऐकतंय असं वाटतं. साक्षीदारसुद्धा मॅजिस्ट्रेटकडे न पाहता पिंजऱ्याकडे पाहून बोलायला लागतात, आणि बोलता बोलता अडखळतात. “माझ्या तोंडून पुढचा प्रश्नच निघत नाही,” तो म्हणाला.

मी त्याला फाडून खाल्लं. वकिली करायची की गावात जाऊन भगताचा धंदा करायचा, ते ठरव म्हटलं. तो गेला. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

आठवडाभरानं भर दुपारी एक बाई माझ्या कचेरीत आली. त्या फरारी व्यवस्थापकाची बायको. खुर्ची दिली तरी बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली.

“साहेब, त्याइले बलावणं बंद करा.”

“बाई, सरकार त्याले लाडानं नाही बोलावत. त्याच्यावर गुन्हा आहे.”

“असन. पण तो मेला. मेलेल्या मानसाले काऊन हाका मारता?”

मी म्हटलं, मेला असेल तर पुरावा आणा. प्रेत नाही, कोणी पाहिलं नाही, कायद्याच्या लेखी तो जिवंत. असं मी कितीतरी बायकांना सांगितलं होतं, तोंडपाठ होतं मला. तिनं ऐकून घेतलं आणि मग सांगायला लागली. तिचा आवाज एवढा साधा होता, जणू विहिरीला पाणी किती आहे ते सांगत होती.

तो येत होता. रोज नाही. महिन्यातून एखाद्या दिवशी, सूर्य डोक्यावर आला की, मागच्या दाराची कडी वाजायची. ती चुलीपाशी असायची. उठून पाहावं तर कोणी नाही. पण सकाळी सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे, दारापासून पाण्याच्या रांजणापर्यंत. परत जाणारे ठसे नाहीत. आधी तिला वाटलं आपलं डोकं फिरलं. मग एकदा जमादार गावात आला आणि बोलता बोलता म्हणाला, परवा तुझ्या नवऱ्याचा पुकारा झाला कोर्टात. परवाच कडी वाजली होती.

“जाणत्या मानसाइले इचारलं म्या. ते म्हनतात, दोन हाकाइले मेलेला उठत नाही. तिसरीले त्याले यावंच लागते. तुम्ही तीन मारता.” तिनं हात जोडले. “कोर्टात येते, मंग घरी येते. थकून जात असन हो तो. पान्यातून उठून येनं सोपं हाये काय?”

आमच्याकडे लहानपणी सांगतच, दुपारी नाहीतर तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नको. मीही ते ऐकून मोठा झालो. पण खुर्चीवर बसल्यावर माणूस असल्या गोष्टी खुंटीला टांगून ठेवतो. मी वकिली केली. तारखा तुम्हाला गावात कळत असतील, म्हणून मन तसं घेतं, म्हटलं.

ती म्हणाली, “पोयाच्या आधी, त्या बुधवारी आला तो. त्या दिशी कुठं व्हती तारीख? मले तं पोयाच्या नंतरची सांगतली व्हती.”

मी ट्रंक कॉल लावला. मेहकरची लाइन मिळेपर्यंत ती तशीच भिंतीला टेकून होती. आमचा वकील फोनवर आला. मी विचारलं, पोळ्याआधी काही झालं होतं का या प्रकरणात? तो म्हणाला, हो साहेब, मॅजिस्ट्रेटसाहेबांना दौऱ्यावर जायचं होतं म्हणून ऐन वेळी तारीख अलीकडे ओढली. पुकारा केला आणि पुढची दिली, साक्षीदारांनाही कळवलं नव्हतं. वार कोणता, म्हटलं. बुधवार.

मी फोन ठेवला. मी घाबरलो होतो, साफ घाबरलो होतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? एवढे आरोपी, एवढे पुरावे चाळून झाले होते माझे. असा पुरावा कोणी पुढ्यात ठेवला नव्हता.

मग मी तिला मार्ग सांगितला. तिसरी हाक गाळणं माझ्या हातात नव्हतं. पण एकाच तारखेत सगळे साक्षीदार तपासून संपवले, तर खटला बासनात जातो. वॉरंट तेवढं कायम राहतं. पुन्हा तारीख नाही, पुकारा नाही. आमच्या पोरानं भिऊन तारखा वाढवल्या आणि त्या माणसाला उलट जास्तच हाका पडल्या. “एकदा शेवटची हाक होऊ द्या, मी स्वतः येऊन संपवतो,” असा शब्द मी तिला दिला. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकलो.

दसऱ्यानंतरची तारीख होती. मी जीप घेऊन मेहकरला गेलो. ऊन चांगलंच तापलं होतं. बाई आधीच येऊन कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाशी बसलेली. संपतंय ते डोळ्यांनी पाहायचं होतं तिला. शिपाई बाहेर आला, त्यानं घसा खाकरला आणि पुकारा केला. एक. दोन. तिसरी हाक देऊन तो मागे न पाहता झपकन आत वळला. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटला, “बाकीच्याइची हाक मोकळी जाते साहेब. याची जाऊन लागते कुठं तरी.” मी त्याला डोळे वटारले.

साक्षीदार एकामागून एक उभे केले. आमचा तरुण वकील माझ्या शेजारी कागद पुढे करत होता, त्याचा चेहरा पांढराफटक. मी कोणाला अडखळू दिलं नाही. पिंजरा माझ्या डाव्या हाताला होता, आणि तिकडे पाहायचं नाही असं मी मनाशी ठरवूनच आलो होतो. शेवटचा साक्षीदार खताची पोती गाडीत चढवणारा हमाल. सांगायचं ते त्यानं नीट सांगितलं. आता बसावं, तर माझ्या तोंडून तो प्रश्न निघून गेला. उभ्या नोकरीत प्रत्येक खटल्यात विचारलेला, जिभेला घट्टे पाडणारा प्रश्न.

“तो आरोपी आज कोर्टात हजर आहे का?”

फरारी आरोपीच्या खटल्यात हा प्रश्न! नवशिक्यानं विचारला असता तर मी त्याला जिता सोडला नसता. जीभ चावेपर्यंत हमालानं हात वर केला होता. बोट पिंजऱ्याकडे.

“हाव. हा काय उभा हाये.”

मॅजिस्ट्रेटांची लेखणी थांबली. कोर्टात पंखा नव्हता, तरी कोपऱ्यातले कागद हलल्याचा आवाज आला. आमच्या वकिलानं माझी बाही धरली. मग मॅजिस्ट्रेट म्हणाले, “आरोपी फरार आहे, सरकारी वकील.”

“होय साहेब. प्रश्न मागे घेतो.”

“उत्तर लिहिलेलं नाही. साक्ष संपली.” त्यांनीही मान वर केली नाही. त्या खोलीत पिंजऱ्याकडे पाहणारा हमाल एकटाच होता.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. “काऊन बे, कोण दिसलं तुले तिथं?”

तो बिचारा भांबावला. “तसंच सांगतलं व्हतं नं साहेब जमादारानं. वकिलानं इचारलं का पिंजऱ्याकडं बोट दाखवजो.”

माझा जीव भांड्यात पडला. पढवलेला साक्षीदार! आयुष्यात पहिल्यांदा मला पढवलेल्या साक्षीदाराचा आनंद झाला. मी हसलोसुद्धा. तो चार पावलं गेला आणि परत वळला.

“पण तो ओला काऊन व्हता जी?”

मी वळलो. सरळ त्या बाईकडे गेलो. झालं, म्हटलं. आता तारीख नाही, पुकारा नाही, कोणी त्याला बोलावणार नाही. तिनं डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. मी तिला असं हलकं झालेलं पाहून मनातून सुखावलो. आणि मग तिचा चेहरा पाहता पाहता बदलला.

“आज पुकारा झाला नं साहेब?”

“झाला की. शेवटचा.”

“मंग आज तो घरी येईन.” ती धडपडून उठली. “मी तं इथं बसली! घराले कडी लावून आली मी!”

बस संध्याकाळची. मी तिला जीपमध्ये घातलं. आमचा वकील न सांगता मागे चढून बसला. सगळा रस्ता ती पुढच्या दांडीला घट्ट धरून होती, गाडी खड्ड्यात गेली की कळवळायची, गाडीसाठी नव्हे, उशिरासाठी. एकदाच बोलली. “म्या काऊन बंद कराले लावलं हो, साहेब? थकून का होईना, येत तं होता.”  मी ड्रायव्हरवर खेकसलो, लवकर हाक म्हणून.

तिचं घर गावाच्या कडेला होतं. ती कडी काढून आत गेली. आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. सूर्य कलला होता. आतून तिचा आवाज यायला लागला, दबका. जेवायला बसलेल्या माणसाशी बाई बोलते तसा. एखादा प्रश्न, मग ती थांबायची. पुन्हा बोलायची. मध्येच रागावली. मध्येच रडली. ती थांबायची तेव्हा आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, पण उत्तराला लागावा तेवढाच वेळ ती थांबत होती. आमचा वकील माझ्याकडे पाहत नव्हता, मी त्याच्याकडे नाही.

मग मागच्या दाराची कडी वाजली, कोणी बाहेर पडावं तशी.

ती बाहेर आली तेव्हा आत जाताना कपाळावर होतं ते कुंकू तिनं पुसलेलं होतं. ओल्या हातानं पुसलं असावं, कारण भुवयांवर पाणी होतं.

“सांगतलं म्या त्याइले, आता कोनी हाक मारनार नाही,” ती म्हणाली. “बरं म्हने.”