अण्णांचा डच मालक

"यमराजाला स्वल्प कॉफी द्या!" तालमीच्या खोलीत शिरताशिरताच अण्णा ओरडत. आमच्या बंगळुरातल्या मराठी मंडळाच्या नाटकांत त्यांनी यम केला, राक्षस केला, दरोडेखोर केला. रंग काळाकुळकुळीत, आवाज ढगासारखा. राजाचं काम त्यांना कधी कुणी दिलं नाही. असा एकजण तुमच्याही मंडळात असेल.

बनशंकरीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला कुकर दाखवताना शिट्टीही तेच तोंडानं वाजवून दाखवत.

मग एचएसआर लेआउटमध्ये राहणारा एक पुणेरी दिग्दर्शक मंडळात आला. नोकरीनिमित्त हॉलंडात राहिलेला. तिथलं एक जुनं नाटक त्यानं मराठीत आणलं होतं. मळ्यावरचं गुलाम जोडपं, आणि डच मालक दोघांना वेगवेगळं विकतो.

"त्या काळी तिथले गोरे नटच तोंडाला काळं फासून गुलाम व्हायचे," तो म्हणाला आणि अण्णांकडे वळला. "अण्णा, गुलाम तुम्ही. तुम्हाला तर मेकअपही नको."

अण्णांनी कॉफी संपवून कप खाली ठेवला.

"गोऱ्यांनी काळं फासलं ना? सरी, ठीक आहे. मग मी पांढरं फासतो. मालक मी."

आणि गुलाम? मंडळात सगळ्यांत गोरा दिग्दर्शकच निघाला. "तोंड तेवढं काळं करू नकोस," अण्णांनी त्याला बजावलं. "आहेस तसा ये."

प्रयोगाला अण्णा पावडर थापून, पुठ्ठ्याची झालरीची कॉलर घालून उभे राहिले. घामानं मिशीवर पांढरा चिखल झालेला. पहिल्या अंकाच्या शेवटी गुलामाची बायको झालेल्या मंडळातल्या एक वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या आणि खरंच रडायला लागल्या. अण्णांचं वाक्य होतं, "विका दोघांना!" त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"सरी अक्का. जावा तुम्ही दोघं घरी."

गुलाम कुजबुजला, "अण्णा, अजून दोन अंक आहेत!"

"असू देत. जावा म्हणतो ना!"

पडदा पाडावा लागला. टाळ्या थांबेनात. मागे मध्यंतराचा उपमा अजून शिजायचा होता.

"खऱ्या मालकांनी असं कुणाला सोडलं नव्हतं, अण्णा!" आत दिग्दर्शक म्हणाला. "तेच तर दाखवायचं होतं!"

"ठाऊक आहे रे." अण्णा तोंड पुसत होते. "पण ती माझ्याकडे बघत होती."

गेल्या वर्षी अण्णा गेले.

यंदा आम्ही ते नाटक पुन्हा केलं, तिन्ही अंक. मालक झाला होता सर्जापूर रोडवरचा एक सज्जन इंजिनिअर. "विका दोघांना!" तो न अडखळता म्हणाला. वहिनींना एकीकडे ओढत नेलं, दिग्दर्शकाला दुसरीकडे. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रयोग फार चांगला झाला. नंतर जेवताना मात्र त्या बिचाऱ्या इंजिनिअरशी आमच्यातलं कुणीच बोललं नाही.