आतेच्या नाटकाची वही

आमच्या घराला दोन वास होते, भिजवलेल्या तेंदूपानांचा आणि तंबाखूचा. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून आमची वस्ती. आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. तिच्या बोटांच्या पेरांवर काळं बसलं होतं, ते साबणानं जात नसे. संध्याकाळी कारखान्याचा माणूस जुड्या तपासायचा आणि मनाला येईल तेवढ्या बिड्या खराब म्हणून तिच्यासमोरच मोडायचा. बाबा दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणीला जात आणि उन्हाळ्यात जंगलात पानं तोडायला. धान नवीन यायच्या आधीचे दोन महिने वाईट असत. वाळवून ठेवलेली मोहफुलं उकडून आम्ही खाल्ली आहेत. आता त्यांचे पदार्थ कौतुकानं छापून येतात, आम्ही मात्र दार लावून खाल्ली.

बाबांकडे एकच गोष्ट अशी होती जी वस्तीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. तेव्हा चौकात, भर दिवसा, ढोलकी-टाळावर पुरुष मंडळी नाचून-गाऊन जे नाटक करतात त्याला दंडार म्हणतात. बाबांनी स्वतः एक दंडार रचली होती. आमच्या वस्तीला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, म्हणून बाबांच्या आज्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःची विहीर खणली, त्याची ती गोष्ट. कुठल्याही पुस्तकात नाही. बाबांना सही करता यायची, पण लिहिता यायचं नाही. त्यामुळे ती सगळी दंडार त्यांच्या तोंडात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि हे सांगताना मी आजही मान खाली घालत नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना बाबा एकदा म्हणाले, "बाई, तू शिकलीस. माही विहीर लिवून काढ ना."

मी म्हणाले, "परीक्षा आहे बाबा."

परीक्षा होतीच. पण खरं सांगायचं तर मला दंडारीची लाज वाटायची. लुगडं नेसून कमरेत वाकून नाचणारा बाप कॉलेजच्या मुलींनी पाहिला तर, एवढीच भीती. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

२०१५ साली मी नवऱ्यामागे कॅनडात, स्कारबरोला आले. माझी पदवी इथे कोणी हातातही घेऊन पाहिली नाही. एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला लागले, बेसमेंटमध्ये, जिथून बर्फ पडतोय की ऊन आहे ते कळत नाही. माझ्या जोडीला एक फिलिपिनो बाई होती. साठीला आलेली, बुटकी, हसली की खांदे उडायचे. किचनमधल्या मुली, नर्सेस, फ्लोअर पुसणारे, सगळे तिला "आते" म्हणायचे. मला वाटलं, केवढं हे खानदान, सगळ्यांच्या बापाची बहीण एकाच ठिकाणी कामाला! मीही आते म्हणू लागले. दोन महिन्यांनी विचारलं, "आते, यातले तुमचे सख्खे भाचे किती?"

आमचं बोलणं इंग्रजीतून चाले. तिची इंग्रजी तिच्या वळणाची, माझी माझ्या. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा ती ड्रायरला टेकून हसत सुटली. "आते म्हणजे मोठी बहीण, अनाक! बापाच्या पिढीत नेऊन बसवलंस मला? अजून केस काळे आहेत माझे."

"रंगवलेले आहेत."

"रंगवलेले का असेनात, काळे आहेत ना?"

अनाक म्हणजे लेकरू. त्या बेसमेंटमध्ये मला कोणी लेकरू म्हणणारं भेटलं, त्याचं महत्त्व मला तेव्हाही कळलं होतं.

आतेच्या लोकांचं एक मंडळ होतं. चर्चच्या तळघरात ते दर जूनमध्ये, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, आपल्या देशाच्या इतिहासातलं एखादं नाटक करत. पहिल्या वर्षी तिनं मला ओढतच नेलं. दीडशे घडीच्या खुर्च्या, मागे टेबलांवर पान्सित नावाच्या शेवयांची मोठमोठी भांडी, आणि पुढे चादरींचा पडदा. चादरी आमच्याच लाँड्रीतल्या बाद झालेल्या, मी ओळखल्या. स्पेनचं राज्य होतं तेव्हा प्रत्येकाला एक कराचा कागद जवळ बाळगावा लागे, आणि बंड सुरू करताना लोकांनी ते कागद फाडले, त्याचं नाटक. ट्रक चालवणारे, म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारे, बँकेत बसणारे, सगळे पुठ्ठ्याचे कोयते घेऊन उभे होते. फाडायचे कागद म्हणजे ग्रोसरीच्या दुकानांची जाहिरातपत्रं. आतेनं फाडलेल्या कागदावर कोंबडीचा फोटो होता आणि तरी माझ्या अंगावर काटा आला.

एका ठिकाणी ती पुढे येऊन छातीवर हात ठेवून म्हणाली, "कामिंग मङा दुखा..." बाकीचं मला कळलं नाही. दुखा कळलं. विहारात लहानपणापासून ऐकलेला शब्द. जगात दुःख आहे, हे आम्हाला पहिलं शिकवतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची बाई मला टिश्यू देऊन आपल्या नवऱ्याला कुजबुजली, की ही इंडियन बाई बघ, आपल्यापेक्षा जास्त रडतेय.

नंतर मी आतेला म्हणाले, "आमच्यातही दुःखाला दुःखच म्हणतात."

"नाही नाही. दुखा म्हणजे गरीब. ज्याच्याकडे काहीच नाही तो माणूस. 'आम्ही दुखा लोक', असं आहे ते."

"मग दुःखाला काय म्हणता?"

"त्याला वेगळा शब्द आहे. पण नाटकात तो कशाला पाहिजे? गरीब म्हटलं की झालं ना सगळं सांगून."

त्या हिवाळ्यात मी त्यांच्यातलीच झाले. महिन्यातून एका शनिवारी दुपारी त्या तळघरात डॉक्युमेंटरी दाखवत. हुकूमशाहीच्या वर्षांची, धरणात गेलेल्या गावांची, मच्छीमारांची. म्हातारी मंडळी पडद्याशी बोलत. "खोटं बोलतोय!" "ही आमची गल्ली!" मला ते फार आवडायचं. माझ्या लोकांनी असं एकत्र बसून स्वतःला पाहिलेलं मला आठवत नव्हतं. मग लगेच आठवायचं, की पाहायचे की, दर मंडईला, चौकात. मीच नव्हते तिथे.

एका शनिवारी डोंगरातल्या एका म्हातारीवरची फिल्म होती. तिला कापणीचं एक लांबच लांब गाणं येत होतं आणि ते येणारी ती गावात शेवटची होती. तिनं सुरुवात केली आणि अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली. कॅमेरा थांबून राहिला. मग ती हसून म्हणाली, जाऊ दे, तुम्ही जेवून घ्या. मी घरी येऊन कोट न काढताच फोन लावला.

"बाबा, विहीर सांगता का? मी लिहून घेते."

बाबा हसले. आवाज बसल्यासारखा वाटला. "फोनात दंडार होत असते का बाई? तिले हातपाय लागतात. तू ये, मंग सांगतो." तोवर गावातली दंडार बंद पडून वर्षं झाली होती. सोबतचे काही वारले होते, काही मुलांकडे नागपूरला गेले होते.

"आवाजाला काय झालं?"

"घसा बसला. मिरगात बरा होते."

मी जायचं ठरवलं. तेवढ्यात आतेनं मला प्रॉम्प्टर केलं, पडद्यामागून शब्द देणारी; त्या वर्षी पुन्हा ते कागद फाडायचंच नाटक ठरलं होतं. त्यांची नेहमीची प्रॉम्प्टर मुलगी व्हँकुव्हरला राहायला गेली होती, आणि इथे वाढलेल्या मुलांना टागालोग, म्हणजे त्यांची भाषा, वाचताना ठेच लागायची. आते म्हणाली, "तुला अर्थ कळत नाही ना, तेच बरं. तू नाटकात रमणार नाहीस."

पलंगाच्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. टोकं धरून एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. त्या चालीवर आते संवाद म्हणायची आणि ब्रेकमध्ये मी ते वहीत लिहायचे. माझ्या लिपीत, म्हणजे देवनागरीत. पहिलीत आम्हाला 'ङ' शिकवला होता. तो कधी कशाला लागतो हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं, आणि पुढे चौदा वर्षांच्या शिक्षणात मला तो सुटा कधी लिहावा लागला नव्हता. टागालोगमध्ये तो ओळीओळीला. मङा. ङायोन. ङायोन म्हणजे आत्ता. कागद फाडायच्या आधी सगळी गर्दी तो शब्द ओरडते. माझा ङ फार सुबक झाला. दोन महिन्यांत अख्खं नाटक, नव्वद पानं, मी एकही शब्द न गाळता लिहून काढलं.

मे महिन्यात आईचा फोन आला. बाबांना नागपूरला दाखवलं होतं. घशात गाठ होती. मी म्हणाले, मी निघते. बाबांनी फोन घेतला. आवाज आता फाटल्या पिशवीसारखा झाला होता.

"तुहं नाटक कधी आहे?"

"जूनमध्ये. पण..."

"पण बिन काही नाही. नाटक टाकून कोणी येते का? मागं कोन बोलन? झालं का मंग ये."

मी बापाची मुलगी आहे, मला ते पटलं. आतेला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला ढकलून विमानात बसवलं असतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही. मला ते नाटक हवं होतं. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं.

नाटक झालं. चादरींच्या मागे स्टुलावर बसून मी एका परक्या देशाचं बंड देवनागरीतून वाचत होते. आते दोनदा अडकली, मी दोनदा तिला शब्द दिला. "ङायोन!" झालं तेव्हा मीही आतून ओरडले. शेवटी त्यांनी मला पुढे ओढून वाकायला लावलं. इतका आनंद मला या देशात त्याआधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी व्हिडिओ कॉल केला. बाबा दिसले. गळ्याला पांढरी पट्टी. हसत होते. मी सगळं सांगत सुटले, टाळ्या किती पडल्या, कोण कुठे अडकलं. ते मान हलवत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ते काहीच बोललेले नाहीत.

आई म्हणाली, "आठ रोज झाले. आवाजाची पेटीच काढली. तुले सांगू नको म्हने, पोरीचं नाटक आहे."

आतेला कळलं तेव्हा तिच्या हातात ओली चादर होती. तिनं ती माझ्या अंगावर फेकली. "तोंड नव्हतं का तुला? नव्वद पानं लिहिलीस माझी! कोण लागते मी तुझी?" मग तीच रडत खाली बसली. मी चादर उचलून पुन्हा मशीनमध्ये टाकली. दुसरं काय करणार होते.

जुलैत मी गावी गेले. बाबांच्या गळ्याला भोक होतं, त्यावर आईनं ओढणीचा तुकडा बांधला होता. मी कोरी वही उघडून बसले. बाबा उभे राहिले आणि त्यांनी विहीर सुरू केली. पावलं तीच, हात तेच, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला एक शब्द कळेना. सूप मांडीवर घेऊन बसलेली आई मान वर न करता बोलू लागली. तीस वर्षं अंगणात तालमी झाल्या, तिनं बिड्या वळता वळता ऐकल्या होत्या. बाबा ओठ हलवत, ती शब्द देई, मी लिही. आठ दिवस असं चाललं. काही ओळी तिला येत नव्हत्या. तिथे बाबा पाय आपटत, पुन्हा पुन्हा तोंड हलवत, आणि आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो.

शेवटचा प्रवेश आला. खडक फुटतो आणि पाणी लागतं तो. बाबा वाकले, हातांनी पाणी वर आलेलं दाखवलं, तोंड भराभर चालू होतं. आई नुसती बिडी वळत राहिली.

मी म्हणाले, "आई, सांग ना."

"हे मले नाही येत."

बाबांनी रागानं मांडीवर हात मारला. बोटानं विचारलं, तू कुठं होतीस?

"कुठं म्हंजे? तुमी इथवर आले का मी च्या ठेवाले उठत होती. तुमच्या कंपनीले च्या कोन देत होतं मंग?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो प्रवेश पुन्हा केला, पहिल्यापासून, सावकाश, माझ्याकडे तोंड करून. मी पेन धरून बसले होते. तिसऱ्यांदा करताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आईनं त्यांना खाली बसवलं.

त्या माघात बाबा गेले. मी तिकीट काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

स्कारबरोच्या लाँड्रीत मी आतेला ती वही वाचून दाखवली, चादरींच्या घड्या घालता घालता, इंग्रजी करत करत. आज्यानं वर्गणी मागितली, कुदळी आणल्या, खडक लागला, लोक हसले, दोन माणसं सोडून गेली. मग मी थांबले.

"मग? पाणी लागलं का?"

"विहिरीला पाणी आहे, आते. आजही लोक भरतात. बाबा ते कसं सांगत होते ते मला माहीत नाही."

तिनं चादरीची टोकं माझ्या हातात दिली.

वहीत सतरा पानं आहेत. बाबांची दंडार मी लिहून काढली, पाणी लागायच्या आधीपर्यंतची.